काचेतली पायवाट

काच म्हटली की डोळ्यांसमोर काय येते? खिडकीची तावदाने, आरसा, चष्मा, हातातली काकणे, देवघरातल्या तसबिरी. पाणी पिण्याच्या भांड्याला तर आपण काचेचेच इंग्रजी नाव देऊन टाकले आणि पुढे ते भांडे स्टीलचे झाले तरी घरोघरी ‘ग्लास’च राहिले. या सगळ्या वस्तूंबद्दल आपला एक ठाम समज असतो. काच पडली तर फुटेल, पण आपण होऊन हलणार नाही. जिथे ठेवाल तिथे, जशी ठेवाल तशी.

या समजाला धक्का देणारी एक गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी शाळेत ऐकलेली असते. युरोपातल्या जुन्या चर्चच्या खिडक्यांच्या काचा म्हणे खालच्या बाजूला जाड झाल्या आहेत, कारण काच हा खरे तर घट्ट झालेला द्रव असून शेकडो वर्षांत तो हळूहळू खाली ओघळला आहे. गोष्ट छान आहे, पण खरी नाही. १९९८ साली ब्राझीलचे शास्त्रज्ञ झनोटो यांनी रीतसर हिशेब मांडून दाखवले की नेहमीच्या तापमानाला काच डोळ्यांना दिसेल इतकी ओघळायची तर विश्वाचे आजवरचे वयसुद्धा पुरणार नाही. जुन्या काळी काच हाताने, फुंकून आणि फिरवून बनवत. त्यामुळे ती मुळातच कमीजास्त जाडीची असे. रहस्य एवढेच.

मग काच खरोखरच निश्चल आहे का? तसेही नाही. तिचा सांगाडा जागचा हलत नाही, पण त्या सांगाड्यात वस्तीला असलेले सोडियमचे कण हलतात. वाडा जागेवर उभा आणि बिऱ्हाडकरू मात्र या खोलीतून त्या खोलीत, असा हा प्रकार आहे. हे कण कसे हलतात, कोणत्या वाटेने जातात, याचे चित्र उभे करण्याचा उद्योग जगातले शास्त्रज्ञ गेली एकशेचाळीस वर्षे करीत आहेत आणि अजून त्यांचे एकमत झालेले नाही.

मी अर्थशास्त्र शिकवतो. काचेशी माझा संबंध चष्म्यापुरता. पण आमच्या विषयात ‘मॉडेल’ नावाचे एक प्रकरण असते. खऱ्या बाजारातल्या हजार भानगडी बाजूला ठेवायच्या, दोनचार महत्त्वाच्या गोष्टी धरायच्या आणि त्यांच्यावरून बाजार कसा वागेल ते सांगायचे. ते सांगणे किती वेळा फसते हे वाचकांना मी सांगायला नको. आमचे कण म्हणजे माणसे, ती लहरी असतात, अशी एक सबब तरी आमच्यापाशी आहे. सोडियमला लहर नाही, मूड नाही, निवडणूक नाही. तरीही तिथे मॉडेल बसवताना घाम फुटतो, हे स्टाफरूममधल्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांकडून ऐकल्यापासून मी या विषयाच्या मागे लागलो आहे.

आधी काच म्हणजे काय ते पाहू. वाळू, सोडा आणि चुनखडी भट्टीत एकत्र वितळवली की नेहमीची काच होते. मराठी माणसाला ही भट्टी परकी नाही. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून अंताजी दामोदर काळे यांनी उभा केलेला तळेगावचा पैसा फंड काच कारखाना आणि पुढे कराडजवळच्या ओगलेवाडीचा कारखाना, ज्याचा ‘प्रभाकर’ कंदील आपल्या आजोबांच्या ओसरीत लटकत होता, ही नावे जुन्या मंडळींना आठवत असतील. वाळू नुसती वितळवायची तर सतराशे अंशांच्या आसपास तापवावी लागते. सोडा घातला की काम बरेच सोपे होते. सोड्यातला सोडियम वाळूच्या घट्ट जाळ्याचे काही टाके उसवतो.

‘जाळे’ हा शब्द मी सहज वापरला, पण तो १९३२ साली विल्यम झकारियासेन या नॉर्वेत जन्मलेल्या आणि शिकागोत काम करणाऱ्या शास्त्रज्ञाने रुजवलेल्या कल्पनेतून आला आहे. मीठ किंवा साखर यांच्या स्फटिकात अणू कवायतीच्या रांगांसारखे उभे असतात. काचेत तसे नाही. सिलिकॉन आणि ऑक्सिजन एकमेकांचे हात धरून असतात, पण रांग कुठेच नाही. जत्रेतल्या गर्दीचा फोटो काढावा, तसे. या वेड्यावाकड्या जाळ्यात मधूनमधून पोकळ्या राहतात आणि त्यांत सोडियम जाऊन बसतो. त्याने आपला एक इलेक्ट्रॉन देऊन टाकलेला असल्यामुळे त्याच्यावर धन विद्युतभार असतो. अशा भारित कणाला आयन म्हणतात.

हा आयन काचेतून खरोखर आरपार जातो, हे त्याच्याही आधी सिद्ध झाले होते. १८८४ साली जर्मनीत फ्रायबुर्गला एमिल वारबुर्ग यांनी तापवलेल्या काचेच्या एका बाजूला सोडियम मिसळलेला पारा ठेवला, दुसऱ्या बाजूला नुसता पारा, आणि त्यातून वीज सोडली. काही वेळाने नुसत्या पाऱ्यात सोडियम सापडला. जेवढी वीज गेली, त्या हिशेबात तेवढाच सोडियम. मधली काच जशीच्या तशी स्वच्छ, कारण तिच्यातून जेवढे सोडियम बाहेर पडले तेवढेच मागून भरले गेले.

याहून गमतीचा प्रयोग १९२५ साली अमेरिकेत बर्ट यांनी केला. नेहमीचा विजेचा दिवा घेतला आणि त्याचा काचेचा गोळा वितळलेल्या सोडियम नायट्रेटमध्ये बुडवला. आत दिव्याची तार लाल झालेली, तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडून काचेच्या आतल्या बाजूला आदळताहेत. बाहेरचा क्षार आणि आतली तार यांच्यात विजेचा दाब दिला, तर बंद दिव्याच्या आत शुद्ध सोडियमचा चकचकीत थर जमू लागला! गोळ्याला भोक नाही, तडा नाही, आत हवासुद्धा शिरत नाही. सोडियम मात्र भिंतीतून चालत आत आला. आपल्याकडे अशा गोष्टी साधुपुरुषांच्या चरित्रात असतात.

आता मूळ प्रश्न. तो चालतो कसा?

पहिले उत्तर साधे होते. प्रत्येक पोकळी म्हणजे एक खळगा. आयन त्यात बसून सतत थरथरत असतो, कारण उष्णता म्हणजेच थरथर. एखाद्या क्षणी ही थरथर इतकी वाढते की तो मधला उंबरठा ओलांडून शेजारच्या खळग्यात पडतो. तापमान वाढवले की उंबरठा ओलांडणे सोपे जाते. म्हणूनच थंड काच विजेला दाद देत नाही, पण तीनशे अंशांना तिची वाहकता लाखो पटींनी वाढलेली असते. १९५४ साली अँडरसन आणि स्टुअर्ट यांनी या उंबरठ्याची उंची मोजण्याची रीत दिली. उंची दोन खर्चांची बनते असे ते म्हणाले. एक, शेजारच्या ऋण भाराच्या ऑक्सिजनची ओढ तोडण्याचा खर्च. दुसरा, दोन पोकळ्यांमधले अरुंद दार रेटून रुंद करण्याचा खर्च. मोठ्या आयनाला दुसरा खर्च जास्त पडणार, हे उघड आहे. हे मॉडेल आजही शिकवतात आणि साध्या काचांना ते बऱ्यापैकी लागू पडते.

पण काचेने एक जुने लचांड या मॉडेलपुढे आणून ठेवले, आणि त्याची हकीकत सुरू होते तापमापकापासून. म्हणजे आपल्या थर्मामीटरपासून. एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या थुरिंगिया भागात तापमापक बनवणारे कारागीर पुष्कळ होते. त्यांच्या मालाबद्दल एक तक्रार होऊ लागली. तापमापक उकळत्या पाण्यातून काढून बर्फात ठेवला, तर पारा शून्यावर थांबायचा सोडून त्याच्या खाली जाई. अर्ध्या अंशाएवढी तफावत सहज पडे आणि ती भरून यायला कित्येक दिवस लागत. शास्त्रीय मोजमापात अर्धा अंश म्हणजे फार झाला. दोष पाऱ्याचा नव्हता, काचेचा होता. तापवल्यावर फुगलेला काचेचा गोळा निवल्यावर लगेच मूळ मापावर येत नव्हता.

१८८०च्या दशकात रूडॉल्फ वेबर आणि येना गावचे ओटो शॉट यांनी यातली मेख शोधली. ज्या काचेत सोडा आणि पोटॅश दोन्ही सारख्या प्रमाणात असत, तिच्यात हा दोष सर्वांत जास्त होता. नुसता सोडा किंवा नुसता पोटॅश घातला तर तो फारच कमी होई. शॉट यांनी त्यावरून तापमापकासाठी खास काच तयार केली आणि येनाच्या काचेचे नाव जगभर झाले. दुकान चालले, पण असे का होते हे मात्र कळले नव्हते.

हेच कोडे पुढे विजेच्या बाबतीत फार मोठ्या रूपात समोर आले. समजा एका काचेत सगळा सोडियम आहे. त्यातला थोडा थोडा काढून त्याच्या जागी पोटॅशियम घालत गेलो. दोन्ही धन भाराचे, दोन्ही एकाच कुळातले. कुणालाही वाटेल की वाहकता पहिल्या काचेकडून दुसऱ्या काचेकडे सावकाश सरकत जाईल. निम्मे-निम्मे केले तर मधली कुठली तरी किंमत येईल. प्रत्यक्षात निम्म्या मिश्रणाला वाहकता कोसळते. नेहमीच्या तापमानाला ती हजारपट, कधी त्याहूनही जास्त खाली जाते. म्हणजे सोडियमही अडतो आणि पोटॅशियमही अडते. एकेकटे असताना दोघेही चालत होते! उंबरठा ओलांडणाऱ्या एकट्या आयनाच्या मॉडेलमध्ये याला उत्तर नाही. तिथे सोडियमला पोटॅशियमशी काही देणेघेणेच नाही.

दुसरे लचांड वेळेचे. काचेला उलटसुलट बदलणारी वीज लावली आणि उलटसुलट होण्याचा वेग वाढवत नेला, तर वाहकता आधी स्थिर राहते आणि मग वाढू लागते. का? दसऱ्याच्या आदल्या दिवशीची खानापूरला जाणारी बस डोळ्यांपुढे आणा. आत उभ्या उभ्या एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे होणे कुणालाही जमते. पण मागच्या सीटवरून पुढच्या दारापर्यंत जाऊन दाखवा! झटपट बदलणारी वीज फक्त ते एक पाऊल पुढेमागे होणे पाहते. सावकाश बदलणारी वीज दारापर्यंतचा प्रवास पाहते. काचेतला आयन उडी मारतो खरा, पण बहुतेक वेळा परत मागे येतो.

मागे का येतो, याचे जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या क्लाउस फुंके यांनी दिलेले उत्तर मला आवडते. आयन नव्या जागी गेला तरी त्याचे शेजारी अजून जुन्या हिशेबाने बसलेले असतात. त्यांचा रेटा त्याला मागे ढकलतो. बसमध्ये आपण पुढच्या रिकाम्या सीटवर जाऊन बसतो, पण मागच्या सीटवर आपला रुमाल तसाच पडलेला असतो, शेजारी पिशवी धरून आपली वाट पाहत असतात. थोड्या वेळात शेजाऱ्यांनी सरकून घेतले तर नवी जागा आपली. नाहीतर गुमान परत. परत जाणे आणि शेजाऱ्यांनी सरकून घेणे या दोहोंत शर्यत लागते, आणि ती कोण जिंकतो यावर प्रवास ठरतो.

मात्र डेन्मार्कच्या येप्पे ड्युरे यांनी याच्या उलट गोष्ट सांगितली. शेजारीपाजारी काही नको, ते म्हणाले. आयन एकटाच धरा, फक्त उंबरठे कमीजास्त उंचीचे ठेवा, कसेही विखुरलेले. आयन ठेंगण्या उंबरठ्यांवरून येरझाऱ्या घालत राहील आणि उंच उंबरठ्याशी अडेल. एवढ्यावर आलेख काढला, तर तोही प्रयोगातल्या आलेखाशी छान जुळतो!

इथे मला थांबून दोन शब्द बोलावेसे वाटतात, कारण हे दुखणे आमच्या घरचेही आहे. महागाईचा आलेख दोन अगदी विरुद्ध विचारांच्या मंडळींच्या समीकरणांशी जुळतो आणि दोघेही आपलेच खरे म्हणून पुस्तके लिहितात. काचेतही तेच झाले. १९७७ साली लंडनच्या अँड्रे जॉन्शर यांनी दाखवले होते की वेगवेगळ्या शेकडो पदार्थांत या आलेखाची घडण सारखीच असते. ते शोध म्हणून मोठेच. पण जो आलेख सगळ्यांचा सारखा निघतो, त्याच्या जोरावर आत नेमके काय चालले आहे याचा निकाल लागत नाही. माझ्या मते या क्षेत्रातली बरीच वर्षे आलेख जुळवण्यात गेली. वक्ररेषेवर ठिपके चपखल बसले की माणसाला कळल्याचा आनंद होतो, आणि तो आनंद फार लवकर होतो.

मग खरी वाट कशी दिसणार? दोन बाजूंनी थोडा उजेड पडला. १९८५ साली इंग्लंडचे नेव्हिल ग्रीव्ह्ज यांनी क्ष-किरणांच्या अभ्यासावरून सांगितले की सोडियम जाळ्यात एकसारखा पसरलेला नसतो. तो जिथे जाळे उसवले आहे तिथे गोळा होतो आणि त्याचे चर तयार होतात. शेतात पाणी सगळीकडे न पसरता पाटाने जाते तसे.

दुसरा उजेड संगणकाचा. काही हजार अणूंची एक पेटी संगणकात मांडायची, प्रत्येक अणू दुसऱ्याला किती ओढतो आणि किती ढकलतो याचे नियम द्यायचे आणि न्यूटनच्या नियमांनी सगळ्यांना एकेक पाऊल चालवायचे. हे पाऊल केवढे? एका सेकंदाचे शंभर कोटी भाग करा आणि त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा लाख भाग करा. एवढ्याशा पावलांनी चालायचे, म्हणून संगणक दिवसरात्र राबला तरी खऱ्या काळातला फार छोटा तुकडाच हाती लागतो. शिवाय खरी काच कारखान्यात तासन् तास निवत ठेवतात. संगणकातल्या काचेला तेवढी सवड नाही, ती सेकंदाला लाख कोटी अंश अशा वेगाने निववलेली असते. मॉडेलवाल्यांना हे ठाऊक असते आणि चांगले संशोधक ते आपल्या लेखात आधीच सांगून टाकतात. एवढा प्रांजळपणा आमच्या अर्थसंकल्पी अंदाजांत असता तर!

पण संगणकात एक सोय आहे. प्रत्येक आयनावर नजर ठेवता येते. २००३ साली म्युन्स्टरच्याच आंद्रेआस हॉयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिथियमच्या काचेची अशी पेटी तपासली आणि आयन कुठे कुठे बसतात त्या सगळ्या जागा मोजल्या. तोवर अनेकांची समजूत होती की जागा पुष्कळ आणि आयन थोडे. मोजणी झाली तर जागा आयनांपेक्षा जेमतेम जास्त निघाल्या! म्हणजे काच ही जवळजवळ भरलेली बस आहे. लहानपणी आपण प्लॅस्टिकच्या चौकोनातले ते एक ते पंधरा आकड्यांचे सरकते कोडे खेळत होतो, ते आठवा. सोंगट्या पंधरा, घरे सोळा. सगळा खेळ त्या एका मोकळ्या घराचा. काचेतही मोकळ्या जागेचा प्रवास पाहणे जास्त सोयीचे, असे या मोजणीतून पुढे आले.

आता मिश्रणाच्या कोड्याकडे परत येऊ. त्याचे सर्वांत सुरेख उत्तर मला वाटते ते १९९०च्या दशकात बुंडे, इनग्राम आणि मास या तिघांनी दिले. त्यांचे म्हणणे असे. काचेतली जागा आधीपासून ठरलेली नसते. सोडियम जिथे बसतो तिथले जाळे त्याच्या मापाने जुळते होते. तो उठून गेला तरी त्या मापाची खूण काही काळ राहते. तेवढ्यात दुसरा सोडियम आला तर त्याला जागा आयती मिळते. कुणीच आले नाही तर जाळे हळूहळू आपली ठेवण बदलते आणि खूण पुसली जाते. आपल्याकडे माळावरून शाळेला किंवा देवळाला जाणारी पायवाट अशीच असते. ती कुणी बांधत नाही. माणसे चालतात म्हणून ती पडते आणि दोन पावसाळे कुणी फिरकले नाही की गवतात बुजते. आता त्याच माळावर दोन तऱ्हेचे वाटसरू आणले, एकाचे पाऊल लहान, दुसऱ्याचे मोठे. सोडियमच्या मापाची जागा पोटॅशियमला अपुरी, पोटॅशियमची जागा सोडियमला ढिली. निम्मे-निम्मे असले की कुणाचीच वाट पुरती मळत नाही. दोघेही आपापल्या तुटक वाटांवर अडून बसतात.

यालाही प्रतिवाद आला. २००३ साली स्वेन्सन आणि अ‍ॅडम्स यांनी प्रयोगांतल्या मोजमापांवरून काचेची रचना संगणकात उभी केली आणि दाखवले की खुणा राहण्या-पुसण्याचा मामला न आणताही उत्तर मिळते. सोडियमच्या वाटा वेगळ्या, पोटॅशियमच्या वेगळ्या, आणि दोन्ही एकमेकींत इतक्या गुंतलेल्या की ते एकमेकांचे रस्ते अडवतात. एक चित्र चालत्या काळाचे, दुसरे थांबलेल्या नकाशाचे. मला स्वतःला पहिले जास्त पटते, कारण थर्मामीटरचा तो मागे रेंगाळणारा पारा त्यात सहज बसतो. पण माझ्या पटण्याला इथे किंमत नाही, हेही खरे.

वाचक म्हणतील, हे सगळे ठीक, पण यावर आपले काय अडले आहे? पुष्कळ अडले आहे. तुमच्या हातातला मोबाईल घ्या. त्याची काच चारशे अंशांच्या आसपास तापवलेल्या पोटॅशियमच्या क्षारात बुडवून काढलेली असते. पृष्ठभागाजवळचे सोडियम बाहेर पडते, त्याच्या जागी मोठे पोटॅशियम दाटीवाटीने शिरते आणि तो थर आवळला गेल्यामुळे काच सहज तडकत नाही. ही युक्ती किस्टलर यांनी १९६२ साली मांडली. गंमत म्हणजे पोटॅशियम जसजसे आत जाते, तसतसे तिथे मिश्रण होते आणि दोघांचीही चाल मंदावते. त्यामुळे कारखानदाराला तासन् तास थांबावे लागते.

किंवा अणुभट्टीतल्या घातक कचऱ्याचे पाहा. आपल्याकडे तुर्भे, तारापूर आणि कल्पाक्कम इथे तो काचेत मिसळून गोठवतात. या काचेला पुढे कधी पाणी लागले तर पहिली हालचाल आयनांचीच होणार. पाण्यातला हायड्रोजन आत, काचेतला सोडियम बाहेर. हजारो वर्षांनी काय होईल हे प्रयोग करून पाहता येत नाही, तिथे मॉडेलवरच विसंबावे लागते. अशा वेळी नुसता आलेख जुळून कसे चालेल?

सगळ्यांत मोठी घाई मात्र बॅटरीवाल्यांना आहे. इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याच्या बातम्या आपण वाचतो. आजच्या लिथियम बॅटरीत दोन टोकांच्या मध्ये जे द्रव असते ते ज्वलनशील असते. त्याच्या जागी लिथियम सरसर पळेल अशी काच घालता आली तर आगीचे भय पुष्कळ कमी होईल. अमेरिकेत ओक रिज इथल्या प्रयोगशाळेत १९९०च्या दशकात अशा काचेचे अगदी पातळ पापुद्रे वापरून छोट्या बॅटऱ्या झाल्या. गंधकयुक्त काचांत लिथियम आणखी वेगाने धावते, पण त्यांना हवेतल्या दमटपणाचे वावडे. आपल्या आंबोलीच्या पावसात त्यांचे काही खरे नाही. २०१७ साली पोर्तुगालच्या मारिया हेलेना ब्रागा आणि लिथियम बॅटरीचे एक जनक जॉन गुडइनफ यांनी काचेच्या बॅटरीबद्दल मोठा दावा केला, तेव्हा गुडइनफ चौऱ्याण्णव वर्षांचे होते. अनेक जाणकारांनी त्यावर गंभीर शंका घेतल्या. पुढे २०१९ साली गुडइनफ यांना नोबेल मिळाले, ते मात्र जुन्या कामासाठी. काचेच्या दाव्यावरची शंका नोबेलने फिटली असे कुणी समजू नये.

काचांवर आपल्या देशातही काम झाले आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. के. जे. राव यांनी काचांच्या रचनेचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि २००२ साली त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. आमच्या कॉलेजातून एम.एस्सी.ला जाणाऱ्या मुलांनी त्या दिशेला पाहायला हरकत नाही.

आता एकच प्रश्न उरतो, आणि त्यात मला आमच्या विषयातले ओळखीचे माणूस भेटल्यासारखे झाले. काचेतले सगळेच आयन चालतात की त्यातले थोडेच? वाहकता मोजली की जे हाती येते तो गुणाकार असतो, चालणाऱ्या आयनांची संख्या गुणिले त्यांची चपळाई. अर्थशास्त्रात पैशाचे असेच असते. बाजारात वर्षभरात झालेली उलाढाल म्हणजे चलनाची रक्कम गुणिले ते चलन किती वेळा हातोहात फिरले तो आकडा. आमच्याकडे निदान नोटा किती छापल्या याची नोंद असते. काचेत तीही सोय नाही. एकूण आयन मोजता येतात, पण त्यातले ‘चलनात’ किती आणि तिजोरीत पडून किती, हे गुणाकारावरून कळत नाही.

१९७७ साली फ्रान्सचे रावेन आणि सुके यांनी म्हटले की फार थोडे आयन मोकळे असतात, बाकीचे ऑक्सिजनला चिकटून राहतात. इतरांचे म्हणणे, कुणीच कायमचा चिकटलेला नसतो, थोड्या सवडीने पाहिले तर सगळ्यांचीच पाळी येते. २००९ साली ड्युरे, मास आणि आणखी दोघांनी मिळून या क्षेत्रातल्या न सुटलेल्या मूलभूत प्रश्नांवर एक मोठा लेख लिहिला. त्यात हाही प्रश्न होता. हा वाद नुसता पुस्तकी नाही. थोडेच आयन चालत असतील तर काच करणाऱ्याने अशी द्रव्ये निवडावीत की चिकटलेले सुटतील. ऑक्सिजनऐवजी गंधक घेतात ते याच आशेने, कारण गंधकाची लिथियमवरची पकड सैल. पण सगळेच चालत असून सावकाश चालत असतील, तर आणखी सोडवून उपयोग नाही. मग त्यांच्या वाटा रुंद कराव्या लागतील, मोकळ्या जागा वाढवाव्या लागतील. भट्टीत आज कोणते मिश्रण घालायचे, ते या उत्तरावर ठरते.